आजीच्या फोटोतल्या लाटा: घरच्या घरी फिंगर वेव्हज आणि पिन कर्ल्स

शेवंती | 3 नोव्हेंबर, रात्री 9:50

माझ्या आजीचा 1946 सालचा एक फोटो आहे. स्टुडिओत काढलेला, मागे रंगवलेला पडदा, हातात पुस्तक. भांग डावीकडे आणि भांगाच्या उजव्या अंगाला केसांत तीन लाटा. पहिली कपाळावर, दुसरी भुवईच्या शेजारी, तिसरी कानावरून मागे अंबाड्यात गेलेली. फोटो भिंगाखाली धरला की कानामागे आकड्याचं टोक चमकताना दिसतं.

भाचीचा साखरपुडा डिसेंबरात आहे आणि तिला हेच केस हवेत. आम्ही एका पार्लरमध्ये ट्रायल घेतली. त्यांनी गरम रॉडवर केस गुंडाळून मोठ्या, चकचकीत बटा सोडल्या. त्याला हॉलिवूड वेव्हज म्हणतात. दिसल्या छान, पण फोटोतल्या लाटा डोक्याला चिकटून आहेत, टाळूपासून सुरू होतात आणि त्यांना धारदार कंगोरा आहे. रॉडने तसं होत नाही, कारण रॉड टाळूपर्यंत पोचतच नाही.

म्हणून दोन महिने स्वतःवर आणि लेकीवर करून पाहतेय. आता जमायला लागलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे यात उष्णतेचं काम नाही. तापवलेल्या चिमट्याने लाटा पाडायची पद्धत पॅरिसच्या मार्सेल ग्रातोने 1872 च्या सुमारास आणली, तिला मार्सेल वेव्ह म्हणतात. फिंगर वेव्ह त्यानंतरची. 1920 च्या दशकात बायकांनी केस कापून बॉब केले, तेव्हा ओल्या केसांत नुसती बोटं आणि कंगवा वापरून इंग्रजी एस अक्षरासारख्या लाटा पाडायचं तंत्र युरोप-अमेरिकेत घरोघरी पोचलं. केस ओले असताना बसवायचे आणि पूर्ण वाळेपर्यंत हलू द्यायचे नाहीत, एवढंच ते आहे. पण त्या "एवढंच"ला सराव लागतो.

केस बसवायला मी जवसाचा जेल करते. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मंद आचेवर सात-आठ मिनिटं, सतत ढवळत. अंड्यातल्या पांढऱ्यासारखी तार सुटली की गॅस बंद. गरम असतानाच गाळायचं, हे फार महत्त्वाचं. गार झालं की गाळणीतून थेंबभरही उतरत नाही. मी नायलॉनच्या जुन्या मोज्यातून पिळून काढते. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो.

आता लाट. केस धुऊन टॉवेलने टिपायचे. निथळायला नकोत आणि सुकायलाही नकोत. जेल मुळापासून चोपडून केस मागच्या दिशेला नीट विंचरायचे. भांगाच्या ज्या बाजूला जास्त केस पडतात तिथून सुरुवात. डाव्या हाताची तर्जनी भांगापासून दोन बोटं खाली, केसांवर आडवी दाबून ठेवायची. बारीक दातांचा कंगवा बोटाला लागून खालच्या बाजूने, दात टाळूला टेकतील असा घालायचा आणि बोट न हलवता इंचभर चेहऱ्याकडे सरकवायचा. बोटाखाली केसांचा कंगोरा उभा राहतो. कंगवा काढायचा नाही, तसाच डोक्यावर सपाट पाडायचा. मग मधलं बोट कंगोऱ्याच्या वर, तर्जनी कंगव्याच्या दातांवर, आणि दोघांच्या मध्ये कंगोरा दाबायचा. दोन्ही बाजूंनी दाबायचा, वर ओढायचा नाही. ओढला की मुळाशी पोकळी राहते आणि वाळल्यावर लाट फुगून बसते. माझ्या पहिल्या तीनही वेळा याच चुकीने गेल्या.

मग कंगोऱ्याखालचे केस चेहऱ्याकडे वळवून विंचरायचे, दीड बोट खाली पुन्हा तर्जनी ठेवायची, आणि या खेपेला कंगवा मागे सरकवायचा. एक पुढे, एक मागे. प्रत्येक कंगोऱ्यावर सपाट चाप लावायचा. चापाखाली टिश्यू पेपरचा तुकडा ठेवला तर वळ उठत नाही.

वर जाळी बांधून ड्रायर सगळ्यात कमी आचेवर चाळीस मिनिटं. त्यानंतरही तासभर हात लावायचा नाही.

पिन कर्ल्स, म्हणजे ओली बट गोल गुंडाळून पिनेने टाळूवर बसवायची, ते मला अजून नीट जमत नाहीत. मागच्या केसांना हवेत. कुणाला अनुभव असेल तर जरूर लिहा.

मोरपीस | 3 नोव्हेंबर, रात्री 10:35

किती नेमकं लिहिलंय! कंगवा सपाट पाडून तर्जनी दातांवर ठेवायची, ही पायरी मी पाहिलेल्या एकाही व्हिडिओत समजली नव्हती.

माझे केस कमरेपर्यंत आहेत. कापायचे नाहीत. एवढ्या लांब केसांना लाटा पाडायच्या म्हणजे दिवस जाईल ना?

शेवंती | 3 नोव्हेंबर, रात्री 11:05

मोरपीस, सगळ्या केसांना पाडायच्याच नाहीत. आजीचेही केस लांबच होते. कानापासून कानापर्यंत आडवा भांग काढा, पुढचे केस सोडा आणि मागचे आधीच रबराने बांधून टाका. पुढच्या केसांना कानापर्यंत लाटा पाडायच्या आणि उरलेली टोकं मागे नेऊन अंबाड्यात गुंडाळायची. लांब केसांचा एक फायदा आहे. टोकं अंबाड्यात अडकलेली असली की लाट सुटत नाही. बॉबवाल्या बायकांना हा आधार नव्हता.

एकच लक्षात ठेवा, लाटांचे केस वाळण्याआधी अंबाडा घालू नका. ताण बसला की कंगोरे सपाट होतात.

कडुनिंब | 4 नोव्हेंबर, सकाळी 7:20

मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून हे असं का होतं ते लिहिते.

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचे असतात. त्याच्या साखळ्या एकमेकींना दोन मुख्य तऱ्हांनी धरून ठेवतात. गंधकाचे बंध बळकट असतात, ते पाण्याने तुटत नाहीत. पर्म करताना रसायनाने तेच तोडून पुन्हा जोडतात. दुसरे हायड्रोजनचे बंध. ते कमजोर पण असंख्य. पाणी शिरलं की ते सुटतात आणि पाणी गेलं की केस ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. फिंगर वेव्ह आणि पिन कर्ल या दुसऱ्या बंधांवर उभे आहेत.

म्हणून अर्धवट ओल्या केसांचे चाप काढले तर लाट टिकणारच नाही. बंध जुळलेलेच नसतात. आणि म्हणूनच दमट हवेत लाट उतरते, हवेतली वाफ तेच काम उलट्या दिशेने करते. जवसाचा जेल केसांवर पातळ पापुद्रा धरतो आणि आकार सांभाळतो.

आमच्या नागपुरात एप्रिलमध्ये लेकीचे केस पंख्याखाली दोन तासांत खडखडीत वाळले होते. ऑगस्टमध्ये त्याच केसांना सहा तास लागले.

शेवंती | 4 नोव्हेंबर, सकाळी 9:10

कडुनिंब, मनापासून आभार. सप्टेंबरात माझं का बिघडत होतं ते आता कळलं. मी जेलला दोष देत होते.

पिंपळपान | 4 नोव्हेंबर, दुपारी 2:45

शेवंतीताई, पिन कर्ल्सबद्दल मी लिहिते. बावीस वर्षं हौशी नाटकांची केशभूषा करतेय. 1940 च्या काळातलं नाटक असलं की दोन-तीन मुलींचे केस असे करावेच लागतात.

पिन कर्लचे तीन भाग धरा: मूळ, दांडी आणि वेटोळं. मूळ म्हणजे टाळूवरचा चौकोन, साधारण इंचभर. वेटोळं म्हणजे गुंडाळलेला गोल. दांडी म्हणजे या दोघांच्या मधला मोकळा भाग. सगळी गंमत दांडीत आहे. दांडी ठेवलीच नाही आणि वेटोळं मुळावरच बसवलं, तर बट घट्ट येते आणि जास्त टिकते. दांडी लांब ठेवली तर बट सैल आणि हलती येते. नवशिक्यांचं वेटोळं मुळापासून घसरलेलं असतं आणि त्यांना वाटतं केसच हट्टी आहेत.

गुंडाळताना टोकापासून सुरू करायचं आणि टोक वेटोळ्याच्या आत गेलंच पाहिजे. एक केसही बाहेर राहिला तर वाळल्यावर मासे पकडायच्या गळासारखा वाकतो आणि मग कशानेही सरळ होत नाही. बट पहिल्यांदा कंगव्याने सपाट, फितीसारखी करून घ्या. वेटोळ्याच्या मधे करंगळी जाईल एवढं भोक ठेवा, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत वळण सारखं येतं. मध्य बंद केलात तर टोकं जास्त घट्ट वळतात. वेटोळं जेवढं मोठं, तेवढी लाट रुंद.

दिशा महत्त्वाची. एका ओळीतली सगळी वेटोळी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, खालच्या ओळीतली उलट. ब्रश फिरवल्यावर या दोन ओळी मिळून लाट तयार होते. सगळी एकाच दिशेला घातली तर नुसत्या बटा मिळतील, लाट नाही.

तुमच्या भाचीसाठी मी असं करीन: पुढे फिंगर वेव्हचा एक कंगोरा, त्याच्या खाली पिन कर्लची एक ओळ, पुन्हा कंगोरा, पुन्हा ओळ. याला स्किप वेव्ह म्हणतात. नुसत्या फिंगर वेव्हपेक्षा मऊ दिसते आणि फोटोत खोली येते.

वाळलंय का हे बोटांना नीट कळत नाही. मानेवरचं एक वेटोळं सोडून गालाला लावा. गार लागलं तर अजून ओलं आहे. ते परत गुंडाळून ठेवा आणि थांबा.

मऊ केसांचा ब्रश घ्या. सुरुवातीला केस पिंजारतील, डोकं दुप्पट दिसेल. त्या वेळी मुली रडकुंडीला येतात. हात थांबवायचा नाही. ब्रशच्या मागोमाग तळहाताने केस दाबत जायचं. पाच-सात मिनिटांनी लाटा आपापल्या जागी येऊन बसतात. मी इतक्या वर्षांत शेकडो वेळा पाहिलंय आणि प्रत्येक वेळी तेवढंच बरं वाटतं.

सागरगोटा | 4 नोव्हेंबर, संध्याकाळी 6:30

पिंपळपान, दंडवत! गालाला लावून बघायची खूण तर लाखमोलाची.

आमच्या म्हापशाला शेजारी एक आजी होत्या. त्यांचे केस शेवटपर्यंत बॉब होते आणि रविवारी चर्चला जाताना लाटा असायच्याच. शनिवारी रात्री साखरेच्या पाण्याने केस ओले करून काळ्या पिना लावून झोपायच्या. मी लहानपणी त्यांच्या पिना मोजायचे, एकवीस असायच्या. साखरेने केस कडक राहतात हे खरं, पण मी करून पाहिलं तेव्हा उशीवर मुंग्या आल्या, आणि घामाने डोकं चिकट झालं. गोव्याच्या हवेत जवसच बरा.

रानवाट | 4 नोव्हेंबर, रात्री 8:15

केसांचं मला काही कळत नाही, पण एक माहिती देतो. आपल्याकडच्या कोरड्या डोंगरउतारांवर कांडोळ नावाचं झाड आहे. पांढरीफटक साल, चांदण्यात उठून दिसते म्हणून त्याला भुताचं झाड म्हणतात. त्याच्या खोडातून येणारा डिंक म्हणजे कराया. पाण्यात टाकला की विरघळत नाही, फुगून जेलसारखा होतो. विसाव्या शतकात केस बसवायच्या लोशनमध्ये हा डिंक वापरला जायचा आणि तो प्रामुख्याने भारतातूनच परदेशी जायचा. म्हणजे तिकडच्या बायकांच्या लाटांमागे मध्य भारतातल्या जंगलात डिंक गोळा करणाऱ्या माणसांचीही मेहनत होती. खोडाला खोल घाव घालून हा डिंक काढल्याने झाडं मरतात, म्हणून मी स्वतः तो कुणाला सुचवणार नाही.

जुन्या लोशनमधला दुसरा घटक म्हणजे बिहीदाणा. काश्मीरकडे होणाऱ्या बिही फळाच्या बिया. काष्ठौषधींच्या दुकानात आजही मिळतात.

शेवंती | 4 नोव्हेंबर, रात्री 10:20

रानवाट, तुमचा प्रतिसाद वाचून थेट थोरल्या मावशीला फोन लावला. ती 77 वर्षांची आहे. मी फक्त विचारलं, आजी केसांना काय लावायची? ती लगेच म्हणाली, "कपात बिया भिजत घातलेल्या असायच्या. बुळबुळीत पाणी. घसा धरला की तेच आम्हाला प्यायला द्यायची." बिहीदाणाच असणार! घशासाठी बिहीदाण्याचं पाणी आमच्याकडे आईपर्यंत चालू होतं.

आणखी एक सांगितलं. चाप वगैरे नव्हते. आजी लाटा पाडून झाल्या की मलमलची पट्टी कपाळावरून मागे बांधायची आणि दुपारपर्यंत तशीच स्वयंपाक करायची. तोवर पोरांनी गळ्यात पडायचं नाही, असा दंडक होता.

वळणवाट | 5 नोव्हेंबर, पहाटे 4:40

इथे न्यू जर्सीत उलटी अडचण आहे. थंडीत घरातली हवा हीटरमुळे इतकी कोरडी असते की केस तासाभरात वाळतात, पण ब्रश फिरवला की वीज भरून उभे राहतात. तळहाताला दोन थेंब बदामतेल चोळून मग ब्रशच्या मागे हात फिरवते, त्याने बसतात. तेल आधी लावायचं नाही, जेल धरतच नाही.

ड्रायरला जोडायची कापडी टोपी मिळते, ती घ्या. केस जागचे हलत नाहीत आणि हात मोकळे राहतात.

इथल्या जुन्या फोटोंत युद्धकाळातल्या कारखान्यांतल्या मुली डोक्याला रुमाल बांधलेल्या दिसतात. त्यांतल्या काहींच्या रुमालाखाली पिन कर्ल्सच असायचे, दिवसभर वाळायचे आणि संध्याकाळी सोडायचे. तेव्हाची नटी व्हेरोनिका लेक एका डोळ्यावर लाट सोडायची. तिच्यासारखे केस मोकळे सोडलेल्या मुलींचे केस यंत्रात अडकायची भीती, म्हणून 1943 साली सरकारच्या विनंतीवरून तिने केस बांधले.

आभाळमाया | 5 नोव्हेंबर, सकाळी 11:00

माझ्या केसांना वर्षापूर्वी स्मूदनिंग केलंय, म्हणजे रसायनाने सरळ करून घेतलेत. पार्लरमध्ये तेव्हा सांगितलं होतं की नंतर काहीही करता येईल. काल चार तास बसून लाटा पाडल्या, चाप काढले आणि दहा मिनिटांत केस सरळ. खूप वाईट वाटलं. काही उपाय आहे का?

पिंपळपान | 5 नोव्हेंबर, दुपारी 1:30

आभाळमाया, तुमच्या हातात दोष नाही. तसे केस वळण धरत नाहीत, मी नाटकातही अशा मुलींना विग देते. तरी एक करून बघा. मुळाजवळ वर्षभरात नवीन केस वाढले असतील. पहिला कंगोरा अगदी भांगाजवळ, त्या नव्या केसांत पाडा. तेवढा एक टिकला तरी चेहऱ्याला रूप येतं. खालचे केस अंबाड्यात घ्या. पार्लरवाल्यांनी हे आधी सांगायला हवं होतं.

मोरपीस | 5 नोव्हेंबर, रात्री 9:00

आज केलं! दोनच लाटा, तिसरी कानापाशी बिघडली. पण सासूबाईंनी पाहिलं आणि आत जाऊन त्यांच्या आईचा फोटो घेऊन आल्या. त्यातही त्याच लाटा. आम्ही दोघी तासभर आरशासमोर होतो.

तिसरी लाट कानाच्या वळणावर का बिघडते?

शेवंती | 5 नोव्हेंबर, रात्री 9:25

मोरपीस, किती छान! कानापाशी डोकं वळतं आणि आपलं बोट सरळ असतं, म्हणून. तिथे पूर्ण बोट न ठेवता फक्त पहिलं पेर ठेवा, आणि कंगोरा दोन तुकड्यांत पाडा: आधी कानाच्या पुढचा, मग मागचा. मधे कंगोरा तुटला तर त्या जागी कंगव्याचं टोक हलकेच सरकवून जोडता येतो. केस तोवर सुकले असतील तर स्प्रेने पाणी मारा, जेल पुन्हा नको. दोनदा जेल लावला की पांढरी साल सुटते.

शेवंती | 21 डिसेंबर, रात्री 11:15

साखरपुडा झाला. पहाटे पाचला भाचीचे केस धुतले, सव्वापाचला सुरुवात केली. पुढे पिंपळपान यांनी सांगितलेली स्किप वेव्ह, दोन कंगोरे आणि दोन ओळी, मागे अंबाडा. जवसाऐवजी बिहीदाण्याचं पाणी वापरलं. जवसापेक्षा हलकं बसतं, साल सुटत नाही, केस हाताला केसांसारखेच लागतात. जाळीवरून मलमलची पट्टी बांधली. साडेनऊला मानेवरचं वेटोळं सोडून गालाला लावलं, गार लागलं. अजून पाऊण तास थांबलो. पाहुणे यायला लागले होते, ताई खोलीबाहेर येरझाऱ्या घालत होती, तरी सोडलं नाही. सव्वादहाला पट्टी सोडली.

रात्री आठ वाजता, दिवसभराच्या गर्दीनंतर, लाटा जागेवर होत्या. पहिली थोडी सैल झाली होती, दुसरी-तिसरी जशीच्या तशी.

मावशी जेवायला बसताना भाचीच्या शेजारी बसली. तिने हात पुढे केला आणि केसांना लावायच्या आधीच मागे घेतला. म्हणाली, "वाळलेत ना?"

मोरपीस | 22 डिसेंबर, सकाळी 8:05

डोळ्यांत पाणी आलं वाचून. बिहीदाण्याचं प्रमाण सांगाल का?

शेवंती | 22 डिसेंबर, सकाळी 8:40

एक चमचा बिया, अर्धा कप पाणी, रात्रभर झाकून ठेवायचं. उकळायची गरज नाही. बिया अख्ख्याच भिजवायच्या, कुटायच्या नाहीत. चिकटपणा सालीवर असतो आणि आतला गर चांगला नसतो. सकाळी मलमलमधून गाळून त्याच दिवशी वापरा. पुढच्या केसांना एवढं पुरून उरतं.